मेरी-गो-राउंडवरून फिरताना दिसणारा बाबा आणि कोरिऑलिसमधला २

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. जत्रेतल्या मेरी-गो-राउंडवर एक मुलगी लाकडी घोड्यावर बसली आहे. तिचा बाबा बाहेर जमिनीवर, तिच्या चपला हातात धरून स्वस्थ उभा आहे. मुलीच्या नजरेने पाहिलं तर घोडे जागच्या जागी आहेत आणि बाबाच गोल गोल फिरतोय. पुस्तक सांगतं की फिरत्या चौकटीत बसून (म्हणजे फिरणाऱ्या चक्रालाच स्थिर मानून) हिशोब करायचा असेल तर प्रत्येक वस्तूवर बाहेरच्या दिशेने अपकेंद्री बल धरा. बाबावर खरं निव्वळ बल शून्य, म्हणजे उरलं ते फक्त बाहेर ढकलणारं. पण वर्तुळात फिरायला तर आत ओढणारं बल लागतं. या हिशोबाने बाबा जत्रेबाहेर भिरकावला जायला हवा, आणि तो तर मजेत फेऱ्या मारतोय. तुझं म्हणणं, ‘एकतर पुस्तक चुकतंय, नाहीतर मी.’

पुस्तक चुकलेलं नाही, ते अर्ध्यावर थांबलंय. एकतीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना दर वर्षी एखाद-दुसऱ्या पोराने हाच प्रश्न विचारला, आणि ज्याने विचारला त्याला विषय कळायला लागलाय असं मी मनातल्या मनात धरून चाललो. बाकीचे अपकेंद्री बल सूत्रात टाकून मार्क घेऊन जातात.

आकडे घेऊन बसू. चक्र सहा सेकंदांत एक फेरी मारतं, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. म्हणजे कोनीय वेग, आपला नेहमीचा ओमेगा, १.०४७ रेडियन प्रति सेकंद. बाबा मध्यापासून ५ मीटरवर उभा आहे आणि त्याचं वजन ७० किलो. (वजन नाही, वस्तुमान म्हणा, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, वस्तुमान.)

मध्यापासून ५ मीटरवर चक्राची फळी असती तर तिचा वेग किती असता? ओमेगा गुणिले त्रिज्या, म्हणजे ५.२४ मीटर प्रति सेकंद. याला ‘अ’ म्हणू. चक्रावरून पाहताना एखादी वस्तू ज्या वेगाने वर्तुळात जाताना दिसते त्याला ‘ब’ म्हणू. चक्राच्याच दिशेने असेल तर धन, उलट असेल तर ऋण. मग जमिनीवरच्या माणसाला त्या वस्तूचा वेग दिसेल अ + ब. न्यूटनचा नियम जमिनीवरच्या माणसासाठी जसाच्या तसा चालतो: वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूवर आत ओढणारं खरं बल हवं, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. वेगाचा वर्ग इथे (अ + ब)². आठवीतलं सूत्र:

(अ + ब)² = अ² + २अब + ब²

या एका ओळीत तुझं उत्तर आहे. वस्तुमानाने गुणून त्रिज्येने भागायचं प्रत्येक पदाला, ते आता पुन्हा पुन्हा लिहीत नाही.

मुलीला फक्त ब दिसतो. तिच्या मते त्या वस्तूला वर्तुळात ठेवायला ब² एवढं आतलं बल पुरायला हवं. खरं बल मात्र अ² + २अब + ब² एवढं आहे. जमाखर्च जुळेना, म्हणून ती पहिली दोन पदं समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला, बलांच्या बाजूला नेते. बाजू बदलली की चिन्ह बदलतं, म्हणून जे आतल्या दिशेचं त्वरण होतं ते बाहेरच्या दिशेचं बल होऊन बसतं. अ² चं झालं अपकेंद्री बल. २अब चं झालं कोरिऑलिस बल (अ म्हणजे ओमेगा गुणिले त्रिज्या, तेव्हा त्रिज्येने भागल्यावर उरतं २ गुणिले वस्तुमान गुणिले ओमेगा गुणिले ब). कोरिऑलिसच्या सूत्रात तो २ कुठून आला असं तू पुढेमागे विचारणारच, तर तो हाच: आठवीतल्या सूत्रातला मधला २.

आता बाबा. तो जमिनीवर स्थिर आहे, म्हणजे अ + ब = ०, म्हणजे ब = −अ. पदं टाकून बघ. अपकेंद्री: अ², बाहेरच्या दिशेने. कोरिऑलिस: २अब, पण ब ऋण असल्यामुळे दिशा उलटली, म्हणून २अ² आतल्या दिशेने. दोन्ही मिळून अ² आत. मुलीला वर्तुळासाठी हवं होतं ब², म्हणजेच अ². जुळलं. आकड्यांत सांगायचं तर तिच्या हिशोबात बाबाला ३८४ न्यूटन बाहेर ढकलताहेत आणि ७६८ न्यूटन आत ओढताहेत. निव्वळ ३८४ न्यूटन आत, आणि ७० किलोच्या माणसाला ५.२४ मीटर प्रति सेकंदाने ५ मीटरच्या वर्तुळात ठेवायला नेमकं तेवढंच लागतं. बाबाला यातलं काहीच जाणवत नाही, तो मोबाइल बघतोय.

म्हणजे चूक कुठे झाली? अपकेंद्री बल घेतलं आणि कोरिऑलिस सोडलं. अपकेंद्री बल वस्तू चौकटीत कुठे आहे एवढंच विचारतं. कोरिऑलिस ती चौकटीत कशी हलतेय ते विचारतं. फिरत्या चौकटीत स्थिर असलेल्या वस्तूला पहिलं एकटं पुरतं, म्हणून शाळेतली सगळी उदाहरणं त्याच्यावर निभावतात. वस्तू हलायला लागली की दुसरं घ्यावंच लागतं. चक्राचा वेगच वाढत किंवा कमी होत असेल, म्हणजे चालक मोटर सुरू करतोय किंवा बंद करतोय, तर आणखी तिसरं लागतं, ऑयलरच्या नावाचं. घोड्यावर बसलेल्याला सुरुवातीला मागे आणि थांबताना पुढे ढकलल्यासारखं वाटतं ते हेच. त्याच्यात फारसं काही नाही, पुढे जाऊ.

बाबाला जरा पळवून बघ, म्हणजे पक्कं होईल. मुलीशी बोलता यावं म्हणून तो चक्राबरोबर ताशी १९ किलोमीटरने धावू लागला. आता ब = ०. मुलीला बाबा स्थिर दिसतो, कोरिऑलिस गायब, अपकेंद्री ३८४ न्यूटन बाहेर. आणि या वेळी खरं बलही आहे: धावताना जमीन त्याच्या चपलांना घर्षणाने ३८४ न्यूटन आत ढकलते. बरोबरी. हे घर्षण त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त आहे, तेव्हा जत्रेच्या धुळीत तो घसरून पडण्याचीच शक्यता जास्त. उलट दिशेने त्याच वेगाने धावला तर काय होईल ते तू कर. ब = −२अ टाक. कोरिऑलिस १५३६ न्यूटन यायला हवं आणि शेवटी सगळं जुळायला हवं.

आतापर्यंत गोलात फिरणं बघितलं. आता मुलगी घोड्यावरून उतरते आणि मधल्या खांबापासून कडेकडे, फळीवर आखलेल्या सरळ रेषेवरून चालत जाते. (तसं करायचं नसतं, चालक ओरडतो.) तिला वाटतं कोणीतरी आपल्याला उजवीकडे ढकलतंय. त्वरण पुन्हा २ गुणिले ओमेगा गुणिले चालण्याचा वेग. सेकंदाला दीड मीटर चालली तर ३.१४ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आधाराला दांडा नसेल तर ती पडणारच.

इथे २ कुठून आला? इथे (अ + ब)² नाही, इथे दोन वेगळे वाटेकरी आहेत आणि बहुतेक जण एकालाच हिस्सा देतात. पहिला: ती जसजशी कडेला सरकते तसतशी पायाखालची फळी जास्त वेगाने पळतेय, म्हणून तिचा आडवा वेगही वाढत जायला हवा. त्यासाठी ओमेगा गुणिले चालण्याचा वेग एवढं त्वरण लागतं. दुसरा: तिचा बाहेरच्या दिशेचा वेग तिच्या मते सरळ आहे, पण ती ज्या रेषेवरून चालतेय ती रेषाच फिरतेय. वेगाचा आकडा तोच राहिला तरी दिशा बदलली, आणि दिशा बदलायलाही त्वरण लागतं. तेही बरोब्बर ओमेगा गुणिले चालण्याचा वेग, आणि त्याच आडव्या दिशेने. दोन्ही मिळून २.

पहिलाच वाटेकरी धरून थांबण्याची चूक मोठ्या माणसांनीही केली आहे. १७३५ मध्ये जॉर्ज हॅडलीने व्यापारी वारे विषुववृत्ताकडे येताना पश्चिमेकडे का झुकतात याचं कारण दिलं: विषुववृत्ताजवळची जमीन जास्त वेगाने पूर्वेला पळते आणि वारा मागे पडतो. विचार सुंदर आहे, दिशा बरोबर येते, पण उत्तर निम्मं येतं. कोरिऑलिसचं नाव लागलं ते १८३५ च्या निबंधावरून, आणि गंमत म्हणजे गास्पार-ग्युस्ताव कोरिऑलिसच्या डोळ्यांसमोर वारे नव्हतेच. तो पाणचक्क्यांसारख्या फिरत्या यंत्रांच्या ऊर्जेचा हिशोब करत होता.

आता गोफण. हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला प्रयोग आहे आणि याच्यावर सगळ्यात जास्त चुकीची वाक्यं बोलली जातात. ज्वारीच्या मळ्यावर माचाणावर उभा राहून माणूस गोफण फिरवतो, एक दोरी सोडतो, दगड सुटतो. ‘अपकेंद्री बलामुळे दगड बाहेर फेकला जातो’ हे वाक्य मी उत्तरपत्रिकांत शेकडो वेळा वाचलंय. जमिनीवरून बघितलं तर दगड सुटण्याच्या क्षणी ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, स्पर्शिकेवरून, सरळ निघून जातो. त्याला कोणी फेकत नाही. उलट आतापर्यंत दोरी त्याला वळवत होती ती सुटली. एक मीटरची गोफण सेकंदाला दोन फेरे घेत असेल तर शंभर ग्रॅमच्या दगडासाठी दोरीला सुमारे १६ न्यूटनचा ताण, म्हणजे हाताला दीड-पावणेदोन किलोची ओढ. ती खरी, हाताला जाणवणारी, आणि दगडावर ती आतल्या दिशेने.

पण गोफणीच्या दोरीवर बसलेल्या मुंगीला काय दिसेल? तिच्यासाठी दगड स्थिर होता. सुटल्याबरोबर तो खरोखरच थेट बाहेरच्या दिशेने निघतो, म्हणजे ‘बाहेर फेकला गेला’ हे मुंगीपुरतं खरं. फक्त पुढच्याच क्षणी तो मागे वळायला लागतो. कागदावर काढून बघ. चक्र एक रेडियन फिरेपर्यंत (या गोफणीला त्यासाठी ०.०८ सेकंद लागतात) दगड मध्यापासून १.४१ मीटरवर गेलेला असतो आणि मुंगीच्या रेषेपासून १२ अंश मागे पडलेला असतो. दोन रेडियननंतर २.२४ मीटर आणि ५१ अंश. तीन रेडियननंतर ३.१६ मीटर आणि १०० अंश. बिंदू जोड, मागे वळत उघडत जाणारी वेटोळी रेषा मिळेल. ती वळण घेते कोरिऑलिसमुळे. जमिनीवरची ती सरळ रेषा आणि मुंगीची ती वेटोळी रेषा हा एकाच दगडाचा प्रवास आहे. उत्तरपत्रिकेतलं वाक्य चुकतं ते एक पाय जमिनीवर आणि एक पाय गोफणीत ठेवतं म्हणून.

‘मग ही बलं खरी की खोटी?’ हे तू शेवटी विचारलंयस. माझी कसोटी साधी आहे: बल लावतंय कोण? दोरी, जमीन, चुंबक, पृथ्वी, असं कोणाचं तरी बोट दाखवता आलं आणि त्याच्यावर उलटं, तेवढंच बल दाखवता आलं, तर बल खरं. अपकेंद्री बल कोणीच लावत नाही, म्हणून न्यूटनचा तिसरा नियम इथे लागू करायचा नाही. ‘अभिकेंद्री (आत ओढणाऱ्या) बलाची प्रतिक्रिया म्हणजे अपकेंद्री बल’ हे वाक्य कुठे वाचलं असशील तर खोडून टाक. दोरी दगडाला आत ओढते त्याची प्रतिक्रिया दगड दोरीला बाहेर ओढतो ही आहे, आणि ती दोरीवर आहे, दगडावर नाही. मात्र ‘आभासी’ या शब्दावरून ‘भास आहे, दुर्लक्ष करा’ असं समजू नकोस. घाटात एसटी वळते तेव्हा डोकं खिडकीवर आपटतं ते भासाने नाही, दुखतं. आणि मोठ्या कारखान्यांत नळीतून किती किलो द्रव गेला ते मोजायला कोरिऑलिसचे मीटर बसवलेले असतात. वाकवलेली नळी थरथरवत ठेवायची. एका बाजूला द्रव अक्षापासून दूर जातो, दुसऱ्या बाजूला जवळ येतो, म्हणून दोन बाजूंना उलट्या दिशांची कोरिऑलिस बलं लागतात आणि नळी किंचित पिळली जाते. तो पीळ मोजून माल किती गेला ते ठरतं आणि लाखोंची बिलं निघतात. मोबाइल कसा फिरवला ते ओळखणारी त्याच्यातली चिपही अशीच थरथरत्या सूक्ष्म तुकड्यांवर चालते.

आता सगळ्यात मोठं मेरी-गो-राउंड. पृथ्वी ८६,१६४ सेकंदांत एक फेरी घेते (२४ तासांना चार मिनिटं कमी, कारण सूर्याच्या संदर्भात नाही, ताऱ्यांच्या संदर्भात मोजायचं). ओमेगा येतो ०.००००७२९. इतका बारीक की आपल्याला वाटतं जमीन स्थिर आहे. पण तुझा बाबा इथेही आहे: आकाशातला प्रत्येक तारा. पृथ्वीला स्थिर धरलं तर तारा रोज एक फेरी मारतो, आणि त्याला त्या प्रचंड वर्तुळात कोण धरून ठेवतंय? तेच उत्तर. अपकेंद्री एकपट बाहेर, कोरिऑलिस दुप्पट आत.

पृथ्वीच्या बाबतीत एक गोष्ट गोंधळात टाकते. हवामानाच्या पुस्तकात वाऱ्याच्या समीकरणात कोरिऑलिस असतं, अपकेंद्री नसतं. मघाशी मी म्हणालो की एक घेऊन दुसरं सोडायचं नाही, आणि हे लोक खुशाल सोडतात! सोडत नाहीत, ते आधीच खर्ची टाकलेलं असतं. विषुववृत्तावर अपकेंद्री त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.३५ टक्के आहे. कोट्यवधी वर्षं पृथ्वी फिरतेय, त्या बलाला जुळवून घेत ती मध्यावर फुगली आणि ध्रुवांशी चपटली. गवंड्याचा ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे नेमका रोखलेला नसतो, तो गुरुत्वाकर्षण आणि अपकेंद्री यांच्या बेरजेच्या दिशेने लटकतो. पण समुद्राची पातळीही त्याच बेरजेला काटकोनात बसलेली आहे, म्हणून भिंत उभी आणि फरशी आडवी. आपण जे ९.८ म्हणून वापरतो त्यात अपकेंद्री आधीच मिसळलेलं आहे. स्थिर वस्तूचा हिशोब तिथे संपला. हलणाऱ्या वाऱ्यासाठी उरतं फक्त कोरिऑलिस.

आणि (अ + ब)² इथेही सुटत नाही. पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसलास तर तुझा वेग पृथ्वीच्या वेगात मिळतो आणि तू किंचित हलका होतोस. ताशी १०० किलोमीटरने विदर्भाकडे निघालेला ६० किलोचा प्रवासी आपल्या अक्षांशावर साधारण २४ ग्रॅमने हलका. परतीच्या प्रवासात जवळपास तेवढाच जड. हंगेरीचा एटव्हश याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे दाखवून दिलं, आणि चालत्या जहाजावरून गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्यांना आजही ही दुरुस्ती करावी लागते.

आडव्या दिशेला मात्र अक्षांशाची ज्या (साइन) मध्ये येते: विषुववृत्तावर शून्य, ध्रुवावर पूर्ण, पुण्याच्या साडेअठरा अंशांवर ०.३२. उत्तर गोलार्धात हलणारी वस्तू उजवीकडे झुकते, दक्षिणेत डावीकडे. आपला पाऊस याच्यावर उभा आहे. दक्षिण हिंदी महासागरातून वारे आग्नेयेकडून येतात, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, आणि ओलांडल्यावर कोरिऑलिस त्यांना उजवीकडे वळवतं. पूर्व आफ्रिकेच्या उंच डोंगरांचीही त्यात मदत होते. म्हणून तेच वारे आपल्याकडे नैऋत्येकडून येऊन सह्याद्रीवर धडकतात.

चक्रीवादळाबद्दल एक हमखास गोंधळ. ‘उजवीकडे झुकतात तर वादळ घड्याळाच्या दिशेने का फिरत नाही?’ कारण हवा मध्याकडे धावतेय. मध्याकडे निघालेली प्रत्येक झुळूक उजवीकडे चुकते, म्हणजे मध्य तिच्या डाव्या हाताला राहतो. मध्य डाव्या हाताला ठेवून चालत राहा, तू घड्याळाच्या उलट फिरशील. एकदा फेर धरल्यावर कमी दाब हवेला आत ओढतो आणि कोरिऑलिस बाहेर. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग वादळाचं उपग्रहचित्र काढून बघ, ढगांचे पट्टे कुठल्या बाजूने आत शिरताहेत ते. विषुववृत्ताच्या अगदी जवळ अशी वादळं जवळपास होतच नाहीत, फेर धरायला लागणारं बळच तिथे नसतं. डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ दीडेक अंशावर झालेलं ‘वामेई’ हा नावाजलेला अपवाद.

बेसिनमधलं पाणी कोरिऑलिसने फिरतं, हे मात्र साफ चूक. पुण्याच्या अक्षांशावर कोरिऑलिसला एखाद्या हालचालीवर स्वतःचा ठसा उमटवायला लागणारा वेळ साधारण सहा तासांच्या घरातला आहे. बेसिन अर्ध्या मिनिटात रिकामं होतं. तू नळ कुठून सोडलास, हात कसा धुतलास, बेसिन कुठे तिरकं आहे, हे सगळं हजारोपटीने मोठं. केनियात विषुववृत्ताच्या रेषेवर पर्यटकांना दोन्ही बाजूंना पाणी उलटसुलट फिरवून दाखवतात ती हातचलाखी आहे. ज्याला खरंच बघायचं होतं त्याने, एमआयटीच्या ॲशर शपिरोने, १९६२ मध्ये सुमारे १.८ मीटर व्यासाच्या टाकीत पंधरा सेंटिमीटर पाणी भरून २४ तास शांत राहू दिलं आणि मधलं बारीक भोक उघडलं. पाणी घड्याळाच्या उलट फिरलं. १९६५ मध्ये सिडनीत तशीच काळजी घेऊन केल्यावर घड्याळाच्या दिशेने. एवढा संयम तुझ्या बेसिनला कोण दाखवतो?

पृथ्वीचं फिरणं घरात बसून बघायचं असेल तर लंबक. लेआँ फूकोने १८५१ मध्ये पॅरिसच्या पाँथेओनमध्ये ६७ मीटर तारेवर २८ किलोचा गोळा टांगला. आपल्याकडे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात एक आहे, दिल्लीत नव्या संसद भवनात एक आहे. पुण्यात झोक्याची दिशा तासाला ४.८ अंशांनी सरकते, पूर्ण फेरीला ७५ तास. मी कॉलेजच्या जिन्यात नऊ मीटरच्या तारेवर पाच किलोचा गोळा टांगून पाहिला होता. पहिल्या दिवशी दिशा तासाला वीस अंश सरकली. पोरं खूश, मी अस्वस्थ, कारण इतकी घाई पृथ्वीला नसते. हाताने सोडताना गोळ्याला किंचित आडवा धक्का बसायचा, झोका सरळ न राहता लांबट अंडाकृती व्हायचा, आणि असा झोका आपणहूनच वळत जातो. शिवाय वरचा चिमटा एका बाजूने घट्ट, दुसऱ्या बाजूने सैल. दोन गोष्टी बदलल्या. तार सगळ्या बाजूंनी सारखी पकडणाऱ्या ड्रिलच्या चकात अडकवली, आणि गोळा सुती दोऱ्याने बाजूला बांधून, तो पूर्ण शांत झाल्यावर दोरा मेणबत्तीने जाळला. मग झोका धाग्यासारखा सरळ. दोन तासांत साडेनऊच्या जागी अकरा अंश. मी त्यावर समाधान मानलं.

तुला एवढी खटपट नको असेल तर जुना रेकॉर्डप्लेअर मिळव. ३३ वर लाव, पुठ्ठ्याची गोल तबकडी ठेव, वर फूटपट्टी अशी धर की ती तबकडीला न टेकता मध्यावरून जाईल. पट्टीच्या कडेने स्केचपेन एकसारख्या वेगाने मध्यापासून बाहेर ओढ. तुझा हात सरळ गेला हे तू स्वतः बघितलंस, आणि पुठ्ठ्यावर वेटोळं उमटलं. तेच वेटोळं कोनमापक घेऊन गोफणीच्या आकड्यांशी ताडून बघ. आकार सारखा वाटेल, पण तंतोतंत जुळणार नाही, कारण गोफणीतला दगड स्पर्शिकेने सुटतो आणि तुझं पेन मध्यातून निघालंय. पेन कडेपासून, तबकडीच्या फिरण्याच्या दिशेने, स्पर्शिकेवरून ओढलंस तर जुळेल, पण त्यासाठी पेनचा वेग कडेच्या वेगाएवढाच ठेवावा लागतो आणि तबकडीबाहेर वही लागते.

पेनऐवजी शाईत बुडवलेली गोटी सोडायचा मोह होईल. ते करू नकोस. न घसरता घरंगळणाऱ्या भरीव गोटीला तबकडीचं घर्षण सतत वळवत राहतं आणि ती जमिनीवरून पाहतानाही सरळ जात नाही, वर्तुळात फिरते, तबकडीच्या कोनीय वेगाच्या बरोब्बर २/७ ने. तिथे खरं बलच आडवं येतं, आणि आपला सगळा हिशोब बिघडतो. तो २/७ कुठून येतो हा वेगळा प्रश्न, कधीतरी वेगळा विचार.